दिवाळ्या, नादार आणि बुडव्या : हे एकाच माणसाचे तीन शब्द आहेत काय?

तापीकाठ (चोपडा) :

सर्वांना नमस्कार. प्रश्न एका शब्दाचा आहे, पण तो कुठून निघाला हे सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, जुने वर्ष संपते आणि नव्या वर्षाची बोली ठरते, त्यामुळे ओट्यावर बसलेल्या मंडळींत देण्याघेण्याच्या गोष्टी आपोआप निघतात. गेल्या हंगामात आमच्या शिवारातून उधारीवर कापूस उचलून नेणारा एक खेडा खरेदीवाला संक्रांतीनंतर कोणाला दिसलेला नाही. त्याचा फोन बंद आहे, भाड्याच्या गोदामाला कुलूप आहे, आणि ज्यांनी ‘आठ दिवसांत रोख’ एवढ्या शब्दावर काट्यावर कापूस घातला त्यांच्याजवळ वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेल्या वजनाच्या चिठ्ठ्यांशिवाय काही नाही. आमचीही अशी एक चिठ्ठी कपाटात आहे. तिच्यावर वजन आहे, भाव आहे, तारीख आहे. सही मात्र नाही.

बोलता बोलता काका म्हणाले, की तो दिवाळ्या निघाला. त्यावर कोपऱ्यात इतका वेळ गप्प बसलेले, ऐंशी ओलांडलेले एक आप्पा ताडकन म्हणाले, “त्याले दिवाळ्या म्हनू नका. दिवाळ्या दिवा तरी लावस. हाऊ ते बुडव्या शे.” एवढे बोलून त्यांनी विषय संपवला आणि कोणी पुढे विचारले नाही, कारण आप्पांना दोनदा विचारलेले चालत नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तीन गोष्टी घोळत आहेत. दिवाळ्या किंवा दिवाळखोर या शब्दाचा दिव्याशी खरोखरच काही संबंध आहे काय, की हा आप्पांचा स्वतःचा विनोद होता? असल्यास दिवाळी या सणाचा आणि दिवाळ्याचा काही धागा जुळतो काय? आणि बुडव्या हा शब्द वर्तमानपत्रे दिवाळखोराच्या जागी बिनदिक्कत वापरतात, त्यात जाणत्या माणसाला खटकावे असे काय आहे? आपणांपैकी भाषेचे आणि व्यापाराचे जाणकार यांनी कृपया लिहावे.

---

पांझराकाठचा मास्तर (धुळे) :

आपल्या आप्पांनी विनोद केलेला नाही. त्यांनी जे सांगितले ते किमान दोनशे वर्षांपूर्वी छापून आलेले आहे.

१८०८ साली मुंबईत ड्रमंड नावाच्या इंग्रज गृहस्थांचा गुजराती, मराठी आणि इंग्रजी या भाषांच्या व्याकरणावरचा ग्रंथ निघाला. पुढे १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश केला, तेव्हा ‘दिवाळिया’ या नोंदीखाली त्यांनी ड्रमंडचाच आधार घेतला. त्या नोंदीचा आशय असा आहे, की व्यापाऱ्याला आपण बुडत आहोत किंवा बुडालो आहोत असे कळले म्हणजे तो आपल्या घरात, दुकानात किंवा पेढीवर मोठा दिवा पेटवून ठेवतो आणि तेथून निघून जातो; आणि हिशेब उघड करून किंवा उरलेल्या मालमत्तेची वाटणी करून घेणेकऱ्यांचे समाधान होईपर्यंत तो परत येत नाही. याच दिव्यावरून दिवाळे हा शब्द आला, असे तेथे म्हटले आहे. मात्र ही व्युत्पत्ती वादग्रस्त असल्याचेही कोशकारांनी त्याच वाक्यात नोंदवून ठेवले आहे, आणि ती नोंद गाळून केवळ गोष्ट सांगणे मला प्रशस्त वाटत नाही. चाल खरी असू शकते, शब्द खरा आहेच, पण चालीवरून शब्द आला की शब्द ऐकून लोकांनी चाल त्याला चिकटवली, हा प्रश्न शिल्लक राहतो.

दिवाळी हा शब्द मात्र सरळ ‘दीप’ आणि ‘आवली’ यांपासून, म्हणजे दिव्यांची ओळ या अर्थाने आला आहे. दिव्याची व्युत्पत्ती मान्य केली, तर दिवाळी आणि दिवाळे हे दोघे एकाच दिव्याचे भाऊबंद ठरतील. पण एक दुसऱ्यापासून निघालेला नाही. सणात जास्त खर्च केला म्हणून दिवाळे निघते, हे दरवर्षी छापून येणारे शब्दचातुर्य भाषाशास्त्र म्हणून कोणी घेऊ नये.

‘खोर’ या प्रत्ययाकडे मात्र लक्ष द्यावे. तो फारसीतून आलेला आहे आणि त्याचा मूळ अर्थ खाणारा असा आहे. लाचखोर म्हणजे लाच खाणारा, हरामखोर म्हणजे हरामाचे खाणारा, येथवर अर्थ ठीक जुळतो. पण भांडखोर काही भांडण खात नाही. येथे प्रत्ययाचा अर्थ सरकून ‘त्याची सवय जडलेला’ असा झाला आहे. दिवाळखोर या शब्दात देशी दिवाळे आणि परदेशी खोर यांची गाठ पडली, आणि त्या गाठीत माणसावर नकळत एक आरोप लादला गेला. ज्याचे आयुष्यात एकदाच आणि तेही दुष्काळामुळे दिवाळे निघाले, त्याला आपण सवयीच्या माणसाचा प्रत्यय लावतो. आपल्या काकांच्या तोंडचा दिवाळ्या हा शब्द त्या मानाने सौम्य आहे.

आता बुडव्या. मराठीत क्रियापदाला ‘या’ जोडून माणसाचे नाव करण्याची जुनी खोड आहे. रडतो तो रड्या, भटकतो तो भटक्या, आणि दुसऱ्याचे बुडवतो तो बुडव्या. हा शब्द कर्जाच्या आधी घराण्याला लागलेला होता. कुळबुडव्या आणि धर्मबुडव्या या शिव्या आमच्या आजीच्या पिढीत सर्रास चालत. करबुडव्या आणि कर्जबुडव्या ही त्यांची धाकटी भावंडे वर्तमानपत्रांनी वाढवली आहेत.

आणि आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला कोशापेक्षा क्रियापदांत सापडते. ‘त्याचे दिवाळे निघाले’ आणि ‘त्याने दिवाळे काढले’ ही दोन वाक्ये कोणत्याही अशिक्षित मराठी माणसासमोर ठेवा. पहिले ऐकून तो चुकचुकेल आणि दुसरे ऐकून कपाळाला आठ्या घालेल. पैसे बुडाले आणि पैसे बुडवले यांतही तेच अंतर आहे. आपली भाषा झालेल्या गोष्टीला आणि केलेल्या गोष्टीला वेगळे क्रियापद देते. दिवाळे निघतेही आणि काढलेही जाते, म्हणून दिवाळ्या हा शब्द दोन्हीकडे झुकू शकतो. बुडव्या मात्र बुडणारा नव्हेच. त्या शब्दातच ‘बुडवणे’ आहे, त्याला सुटकेची वाट नाही. आप्पांना काय खटकले ते मला वाटते हेच.

---

जुनी कीर्द (अमळनेर) :

मास्तरांनी व्याकरण सांगितले. मी तीन पिढ्यांच्या अडतदुकानातला माणूस आहे, तेव्हा बाजार सांगतो.

वर्तमानपत्रात दोनच प्रकारची माणसे असतात, देणारी आणि बुडवणारी. बाजारात मध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला शब्द आहे. पहिल्यांदा माणूस थकतो. ‘अमक्याचे खाते थकले आहे’ यात काहीही वाईट बोललेले नाही; पाऊस लांबला की अर्धा तालुका थकतो. मग तो वायदे करू लागतो, म्हणजे पोळ्याला देतो, दसऱ्याला देतो, असे दिवस देत राहतो. त्यानंतर तो फिरवू लागतो, म्हणजे वायद्याच्या दिवशी आपण गेलो की नेमका घरी नसतो. येथून पुढे दोन रस्ते फुटतात. एक माणूस समोर येऊन हात वर करतो : माझ्याजवळ काही राहिलेले नाही, जे आहे ते वाटून घ्या. दुसरा शेतीचा तुकडा बायकोच्या नावावर करून सुरत गाठतो. हात वर करणाऱ्याला आमचे वडील दुकानात बसवून चहा पाजत असत. दुसऱ्याच्या बाबतीत घरात एकच शब्द चाले, आणि तो शब्द बुडव्या. तरुण पोरे आता ‘टोपी घातली’ म्हणतात, पण त्यात फसवणाऱ्याच्या कसबाचे थोडे कौतुकही मिसळलेले असते, म्हणून मला तो शब्द आवडत नाही.

आमच्याकडे आजोबांच्या लांबट, लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या आहेत. कीर्दीत रोजचा व्यवहार आणि खतावणीत माणसागणिक खाते, अशी ती पद्धत. १९७२ च्या दुष्काळाच्या सालाची खतावणी उघडली की पानेच्या पाने एका बाजूला भरलेली दिसतात. नावेच्या, म्हणजे येण्याच्या, बाजूला रकमा आहेत, जमेची बाजू कोरी आहे. जवळपास प्रत्येक पानाच्या तळाशी ‘बाकी पुढे’ एवढेच लिहिलेले आहे आणि ती बाकी पुढच्या वर्षाच्या वहीत उतरवलेली आहे. ‘बुडीत खाती’ असा शब्द त्या अख्ख्या वहीत मला चारच नावांपुढे सापडला. त्या चौघांकडे सर्वांत मोठ्या रकमा होत्या असे मुळीच नाही. एकाकडे तर अवघे ६५ रुपये होते. पण त्या ६५ रुपयांपुढे आजोबांनी ‘बुडीत’ लिहिले आणि शेजारच्या पानावरच्या १,१०० रुपयांपुढे ‘बाकी पुढे’ लिहिले. कोणाला काय म्हणायचे, हे ते रक्कम पाहून ठरवत नव्हते.

दामदुप्पट या शब्दाचेही येथे सांगून टाकतो, कारण त्याची उलटापालट पाहून मला नेहमी हसू येते आणि रागही येतो. जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम ऋणकोच्या रक्षणासाठी होता. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, म्हणजे सावकाराने कितीही वर्षे थांबून मागितले तरी एकूण दुपटीवर काटा थांबला. आज दामदुप्पट म्हणजे पैसे दुप्पट करून देतो असे सांगून गावेच्या गावे लुबाडणारी योजना. कर्जदाराला वाचवणारा शब्द बुडव्याच्या पाटीवर जाऊन बसला.

तापीकाठ यांना एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. ती चिठ्ठी सहीची नसली तरी जपून ठेवावी, ज्या वाहनातून कापूस गेला त्याचा क्रमांक कोणाला आठवत असेल तर लिहून घ्यावा, आणि गावातल्या सर्वांनी एकत्र तक्रार द्यावी. एकेकट्याने गेलेल्याला उधारीचा वाद म्हणून परत पाठवतात. वीस जण एकाच तऱ्हेची चिठ्ठी घेऊन गेले की ती फसवणूक दिसू लागते.

---

मोडीवाचक (धुळे) :

थोडी भर घालतो. वरच्या उत्तरात ऋणको हा शब्द आला आहे. ऋणको आणि धनको या जोडीतला ‘को’ पुष्कळांना गमतीदार वाटतो आणि तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. जुन्या कर्जरोख्यांची सुरुवात ‘धनको नाम अमुक, रिणको नाम तमुक’ अशी होत असे. मूळ संस्कृत ‘धनिकः नाम’ यातला विसर्ग ‘न’पुढे आल्यामुळे संधी होऊन ‘धनिको नाम’ झाले, आणि कारकुनांनी तो संधीचा ‘ओ’ शब्दाचाच भाग समजून ठेवून दिला. शतकानुशतके रोखे लिहिता लिहिता एका विसर्गाचे असे नाम झाले.

इतिहासाचार्य राजवाडे यांचे निधन १९२६ च्या शेवटच्या दिवशी आमच्या धुळ्यातच झाले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. मोडी शिकू इच्छिणाऱ्याने सनदा आणि लढायांच्या मागे लागण्याआधी चार कर्जरोखे वाचावेत, असे माझे मत आहे. त्यांत माणसाचे खरे आयुष्य असते. बैल गहाण, शेत गहाण, आणि साक्षीला शेजारी. या रोख्यांत घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सारख्याच तोलाचे, एकाच साच्यातले नाव आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. रोखा लिहिताना कोणीही बुडव्या नसतो.

---

काळा कोट (जळगाव) :

न्यायालयात रोज हे शब्द हाताळतो, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

कायद्याच्या मराठीत तिसरा शब्द आहे तो नादार. फारसीत ‘ना-दार’ म्हणजे ज्याच्याजवळ नाही तो. माझ्या वडिलांच्या पिढीला हा शब्द शाळेमुळे माहीत होता. गरीब विद्यार्थ्याची फी माफ झाली म्हणजे ‘त्याला नादारी मिळाली’ असे म्हणत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. तोच शब्द ‘नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६’ या कायद्याच्या नावात दिवाळखोरीच्या शेजारी बसलेला आहे. हे दोन शब्द तेथे शोभेसाठी जोडीने आलेले नाहीत. नादारी ही स्थिती आहे, देणी भागवता न येण्याची. आणि दिवाळखोरी ही त्या स्थितीवर न्यायाधिकरणाने आदेश देऊन मारलेला शिक्का आहे.

पण जळगावातल्या साध्या शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला ही संहिता अजून फारशी लागूच नाही. व्यक्तींविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. बाकीच्या माणसांना आजही १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखालीच जिल्हा न्यायालयात यावे लागते. त्या कायद्यात ऋणकोने स्वतः अर्ज करण्यासाठी देणे किमान ५०० रुपये असावे अशी अट आहे. १९२० मध्ये ५०० रुपये ही मोठी रक्कम होती. आज ती अगदी किरकोळ आहे, पण आकडा तेथेच आहे. असा अर्ज करणे म्हणजे आप्पांच्या भाषेत दिवा लावणेच होय. आपली सगळी देणी, सगळी मालमत्ता कागदावर मांडायची आणि ती न्यायालयाच्या हाती सोपवायची.

आता मुख्य मुद्दा. ज्याला देता येत नाही आणि जो देत नाही, हा फरक बोलीनेच केला आहे असे नाही, सर्वोच्च न्यायालयानेही केला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ प्रमाणे हुकूमनाम्याचे पैसे न देणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येते. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केले, की केवळ पैसे दिले नाहीत एवढ्यावरून माणसाला तुरुंगात पाठवता येणार नाही. ऐपत असून त्याने लबाडीने टाळले, हे दिसले पाहिजे. म्हणजे नादाराला तुरुंग नाही, बुडव्याला आहे. त्याच संहितेचे कलम ६० वाचले तर जप्तीतून काय काय वगळले आहे ते दिसते : अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याचे औत, बैल, बियाणे व राहते घर. बेलिफ घरात शिरला तरी चुलीवरचे पातेले त्याला उचलता येत नाही.

रिझर्व्ह बँकेनेही बँकांसाठी हाच भेद आखलेला आहे. ऐपत असूनही न फेडणारा, किंवा ज्या कामासाठी कर्ज घेतले ते सोडून पैसा दुसरीकडे वळवणारा, हा २५ लाख रुपये आणि त्यावरच्या थकबाकीसाठी हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरतो. आमच्या कारकुनाने हा शब्द पहिल्यांदा टंकलिखित केला तेव्हा वर पाहून विचारले होते, की साहेब, सरळ बुडव्या लिहू का?

घेणेकऱ्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आज मोर्चे आणि उपोषणांमुळे आपल्याला माहीत असलेला ‘धरणे’ हा शब्द मुळात वसुलीचा आहे. पूर्वी घेणेकरी ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि आपले काही बरेवाईट झाले तर पाप तुझ्या माथी, असा धाक घालत असे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०८ मध्ये दैवी कोपाचा धाक घालण्याचा गुन्हा सांगताना पहिले उदाहरण दिले होते ते दारात धरणे धरून बसणाऱ्याचेच. म्हणजे इंग्रजांनी कर्ज बुडवणाऱ्याआधी दारात बसणाऱ्याला कायद्यात नावानिशी पकडले होते, असे मी गमतीने म्हणतो.

तापीकाठ, आपल्या प्रकरणात मुदतीकडे लक्ष असू द्या. पैशाच्या दाव्याला सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मुदत असते. मधल्या काळात त्या व्यापाऱ्याने देणे असल्याचे लेखी आणि सहीनिशी कबूल केले, तर तेथून ती नव्याने मोजली जाते. नुसत्या तोंडी वायद्याने मोजली जात नाही. आणि वडिलांच्या देण्यासाठी मुलाला धरण्याची जी जुनी धर्मकर्तव्याची कल्पना होती, ती हिंदू वारसा कायद्यात २००५ ची दुरुस्ती झाल्यानंतर घेतलेल्या कर्जांना लागू नाही. तेव्हा त्याच्या मुलाच्या दारात जाऊन भांडण्यात अर्थ नाही. वारशाने आलेल्या मालमत्तेतून काय वसूल होईल तो प्रश्न वेगळा.

---

सारंगखेड्याचा (सध्या नाशिक) :

इंग्रजीतही कर्ज बुडवणाऱ्यासाठी एक बोलीशब्द आहे, वेल्शर. तो एकोणिसाव्या शतकातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानांवरचा आहे. पैजांचे पैसे गोळा करायचे आणि घोडा जिंकला की देण्याऐवजी मैदानातून नाहीसे व्हायचे, अशा पैजवाल्याला लोक हे नाव देत. शब्द वेल्स प्रांताच्या नावासारखा ऐकू येतो, त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही, पण वेल्सच्या लोकांना तो अपमानकारक वाटतो आणि म्हणून पुष्कळ लिहिणारे आता तो टाळतात. आमच्या गावच्या दत्तजयंतीच्या घोडेबाजारात लहानपणी हात रुमालाखाली घालून ठरलेले सौदे पाहिले आहेत, त्यामुळे घोडा आणि बुडव्या यांची ही जोडी मला परकी वाटली नाही.

पण मला सांगायचे आहे ते वेगळे. दिवाळ्या, नादार, बुडव्या यांपैकी एकाही शब्दात कोणत्या जातीचे किंवा गावाचे नाव नाही. माणसाने काय केले किंवा त्याच्याजवळ काय नाही, एवढेच ते सांगतात. आपल्या म्हणी याबाबतीत इतक्या स्वच्छ नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि त्या येथे लिहिणार नाही.

आखाजीचा विषय निघालाच आहे म्हणून : त्या दिवशीच्या पत्त्यांच्या डावातली उधारी ही बुडव्याची खरी परीक्षा असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच शून्य आहे, त्यामुळे जिंकणाऱ्याला कोर्टाची वाट नाही, चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. तरीही आमच्या गल्लीत पत्त्यांतली उधारी सोसायटीच्या कर्जाआधी फेडली जात असे. हे काही अभिमानाने सांगत नाही. घरात शाळेच्या फीला पैसे नसत.

आणखी एक. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात ‘बुडीत’ म्हटले की पहिल्यांदा वही आठवत नाही, नर्मदा आठवते. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावे बुडीत क्षेत्रात गेली. तेथे बुडवलेला कोण आणि बुडवणारा कोण, हे मास्तरांच्या क्रियापदांनी सांगायला बसलो तर धागा भलतीकडे जाईल, म्हणून थांबतो.

---

तापीकाठ (चोपडा) :

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या रविवारी पुन्हा गावी गेलो होतो. तक्रारीसाठी १४ चिठ्ठ्या जमल्या आहेत, त्यांपैकी ११ एकाच वहीच्या रेघांच्या कागदावरच्या आहेत. काळा कोट यांनी सांगितल्याप्रमाणे आता त्याच्या मुलाच्या घरी कोणी जात नाही.

येथली सर्व उत्तरे मी छापून नेली होती आणि आप्पांना वाचून दाखवली. ड्रमंड साहेबाचे ऐकून ते फारसे प्रभावित झाले नाहीत. तसला दिवा त्यांनी स्वतः कधी पाहिलेला नाही. ते त्यांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकले होते. जुनी कीर्द यांचा मजकूर वाचत असताना मात्र त्यांनी मला मध्येच थांबवले आणि १९७२ च्या वहीचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, की त्या साली त्यांनीही तीन दुकानांत जाऊन हात वर केले होते, बैलजोडी विकून जे आले ते तिघांत वाटले होते, आणि उरलेले फेडायला पुढे नऊ वर्षे लागली. त्या नऊ वर्षांत गावात त्यांना दिवाळ्या म्हणत. बुडव्या कोणी म्हटले नाही.

त्यांनी आपणांस एक प्रश्न विचारायला सांगितला आहे, तो जसाच्या तसा लिहितो. वहीत एकदा ‘बुडीत’ लिहिले आणि नंतर माणसाने येऊन पैसे दिले, तर तो शब्द खोडतात काय?

---

जुनी कीर्द (अमळनेर) :

आप्पांना माझा नमस्कार सांगावा.

खोडत नाहीत. वहीत खोडाखोड करायची नाही हा पहिला नियम, मग लिहिलेले चुकीचे का असेना. पैसे ज्या दिवशी आले त्या दिवशीच्या कीर्दीत ते ‘बुडीत खाते वसूल’ म्हणून त्या माणसाच्या नावाने जमा करतात. आजोबांच्या ज्या चार नावांविषयी लिहिले, त्यांतल्या ६५ रुपयेवाल्याची जमा मला आज शोधल्यावर १९७९ च्या वहीत सापडली. रक्कम पूर्ण आहे, व्याज घेतलेले नाही, आणि पुढे ‘हस्ते मुलगा’ असे लिहिले आहे. जुन्या पानावरचा शब्द तसाच आहे. आजोबांनी त्याच्याशेजारी पेन्सिलीने १९७९ च्या वहीचा पान क्रमांक तेवढा घातला आहे.